स्पार्क्स काकांना विचारा : परत बघायचंय, पण सुरुवात कुठून करू?

एरवी या सदरात काय येतं, तर मुलाला मर्चंट नेव्हीत घालू का, बोटीवर शाकाहारी जेवण मिळतं का, सहा महिने घराबाहेर राहून डोकं फिरत नाही का, असलंच. गेल्या महिन्यात मी शेवटी सहज एक ओळ टाकली की सध्या रात्री जेवण झालं की पडवीत बसून ‘स्टार ट्रेक’ परत बघतोय, आणि चार दिवसांनी संपादकांचा फोन, काका तुमची पत्रं घेऊन जा, टेबलावर चहा ठेवायला जागा नाही. मला वाटायचं हे वेड माझं एकट्याचं. देवगडपासून अलिबागपर्यंत माणसं निघाली की हो! तेव्हा यावेळी नेव्हीवाले थांबा जरा, सगळं सदर यालाच.

ज्यांनी कधी बघितलंच नाही त्यांच्यापुरतं एवढंच की ही अमेरिकन मालिका, १९६६ ला सुरू झाली, एंटरप्राइज नावाचं अंतराळातलं जहाज, कर्क नावाचा कॅप्टन, टोकदार कानांचा कधी न हसणारा स्पॉक आणि कायम कुरकुरणारा डॉक्टर मकॉय. यातून पुढे इतक्या मालिका फुटल्या की मूळ झाड कुठलं आणि पारंब्या कुठल्या कळत नाही.

प्रश्न : काका, लहानपणी आम्ही लालबागला चाळीत राहायचो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं आणि अख्ख्या मजल्यात एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना फिरवायला मलाच गच्चीवर पाठवायचे त्यामुळे निम्मे भाग मी बघितलेच नाहीत, वरून नुसतं ‘आलं काय? आलं काय?’ ओरडत ऐकलेत. आता गावी येऊन कलमं सांभाळतो, मुलगी दहावीत आहे, तिच्याबरोबर सगळं पहिल्यापासून नीट बघायचं म्हणतोय पण यादी संपतच नाही. सुरुवात कुठून करू, क्रम काय ठेवू?
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : आधी हिशोब सांगतो, घाम फुटायचा तो एकदाच फुटू दे. मूळ मालिकेचे भाग ७९. मग कार्टूनचे २२. मग १९८७ ला ‘नेक्स्ट जनरेशन’ आली ती सात वर्षं चालली, तिचे १७८. ‘डीप स्पेस नाइन’ १७६, ‘व्हॉयेजर’ १७२, ‘एंटरप्राइज’ ९८. बेरीज करा, नुसते २००५ पर्यंतचे ७२५ होतात, म्हणजे रोज रात्री न चुकता एक बघितला तरी दोन वर्षं गेली, आणि यात सिनेमे धरलेले नाहीत, २०१७ पासून जे परत सुरू झालं ते ‘डिस्कव्हरी’, ‘पिकार्ड’ वगैरेही धरलेलं नाही. मुलीची बारावी होईल तरी तुमचं संपायचं नाही.

आणि क्रमाचं म्हणाल तर क्रमानं बघूच नका. अहो जत्रेत दशावताराला जाताना कोण विचारतं का, की आधी कुठलं आख्यान बघू म्हणजे पुढचं कळेल? पेटारा आला, संकासुर नाचून गेला, की त्या रात्री जे आख्यान असेल ते. मूळ मालिका तशीच लिहिलेली आहे, प्रत्येक भाग आपल्यात आपण पुरा, पुढच्या आठवड्यात सगळं परत जागच्या जागी. खुद्द अमेरिकेतसुद्धा क्रम असा नव्हताच! पहिला तयार केलेला पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, चॅनलनं नाकारला, त्यात कर्क नाहीच, पाईक नावाचा दुसराच कॅप्टन होता, मग दुसरा पायलट केला तर तो दाखवला तिसऱ्या नंबरला, आणि तो नाकारलेला पुढे कापून दोन भागांच्या एका गोष्टीत फ्लॅशबॅक म्हणून घुसवला. लागलेलं पान वाया घालवायचं नाही, अगदी आपल्यासारखं.

तुम्ही असं करा, ‘बॅलन्स ऑफ टेरर’ लावा. दोन जहाजं, शत्रूचं दिसत नाही, दोघेही कॅप्टन तेवढेच हुशार, नुसता लपाछपीचा खेळ, पाणबुडीच्या युद्धासारखा. मग ‘सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’, मग हसायला ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’. तिसऱ्या सीझनची सुरुवात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो त्या भागानं होते, तो मुलीला एवढ्यात दाखवू नका, विश्वास उडेल.

आणि एक लक्षात घ्या, परत बघणं हे काही आपलं म्हातारपणचं खूळ नाही, ही मालिका जगलीच त्यावर. पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती फार चालली नाही. दुसऱ्या वर्षीच बंद करायला निघाले होते, प्रेक्षकांनी पत्रांचा मारा केला म्हणून तिसरं वर्ष मिळालं, १९६९ ला शेवटी गाशा गुंडाळला. मग अमेरिकेतल्या गावोगावच्या छोट्या टीव्ही स्टेशनांनी तेच ७९ भाग विकत घेतले आणि रोज संध्याकाळी फिरवून फिरवून लावले, पोरं शाळेतून आली की तेच, पुढच्या वर्षी परत तेच, आणि बंद पडलेल्या मालिकेचे चाहते दरवर्षी वाढत गेले. १९७६ ला नासाच्या पहिल्या स्पेस शटलला एंटरप्राइज नाव द्यायला लावलं ते याच पत्रं लिहिणाऱ्या मंडळींनी. (ते शटल अंतराळात कधी गेलं नाही, फक्त वातावरणातल्या चाचण्यांना वापरलं, पण नाव तर लागलं.)

राहता राहिली तुमच्या ब्लॅक अँड व्हाइटची गोष्ट. तुम्हाला आता रंगीत बघताना कळेल की कॅप्टनबरोबर ग्रहावर उतरलेल्यांत जो लाल शर्टवाला अनोळखी असतो तो हमखास मरतो, जगभर यावर विनोद आहेत. आपल्याला तेव्हा सगळ्यांचे शर्ट करडे दिसायचे त्यामुळे आपण बिचारे प्रत्येकासाठी घाबरायचो. एका अर्थी आपण जास्त चांगलं बघितलं.

प्रश्न : आमच्याकडे उलटं झालंय. मीच हौसेनं जुनं स्टार ट्रेक लावलं आणि पोरगा पहिल्या दहा मिनिटांत खो खो हसायला लागला, आई ते दगड बघ, कर्क टेकला तर हलला. आता मी लावलं की तो मुद्दाम हसायलाच येऊन बसतो. कसं समजावू?
— एक आई, मालवण

उत्तर : समजावू नका, हसू दे. येऊन बसतोय ना? बस झालं. दगड हलतातच, मीपण हसतो.

त्यांच्याकडे पैसे नव्हते हो. दर आठवड्याला एवढं मोठं जहाज ग्रहावर उतरवून दाखवायचं परवडेना म्हणून माणसं इथं विरघळवून तिथं उभी करायचं ते ट्रान्सपोर्टर काढलं, आणि ती जी चमचम दिसते ती काय, तर प्रकाशाच्या झोतात ॲल्युमिनियमची पूड वरून सोडून शूट केलेली. दरवाजे सुर्रकन आपोआप उघडतात त्यामागे माणूस उभा असायचा ओढायला, कधी कधी त्याला उशीर झाला की नट दारावर आपटायचा. आणि मकॉय डॉक्टर पेशंटच्या अंगावरून जे फिरवतो त्यातली काही हत्यारं चक्क मिठाच्या डब्या आहेत! एका भागात मीठ खाणारा प्राणी होता, त्यासाठी भविष्यातल्या वाटतील अशा डब्या आणल्या, त्या इतक्या भविष्यातल्या निघाल्या की कोणाला मिठाच्या वाटेनात, मग टाकल्या डॉक्टरच्या बॅगेत.

तुमचा मुलगा जत्रेत रात्री दोनला दशावतार बघतो की नाही? तिथं एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच रथ, जरा वेळानं त्याच्यावरच देव झोपतो. राणीच्या साडीत आपल्याच शेजारच्या वाडीतला बापया असतो, सकाळी तो रिक्षा चालवताना दिसतो. तिथं कोण म्हणतं का, हे तर बाकडं आहे? त्याला एवढंच म्हणा की हे अमेरिकेचं बाकडं.

तरी नाहीच जमलं तर २००६ नंतर काढलेली आवृत्ती बघा, त्यात जहाजाचे, ग्रहांचे शॉट कॉम्प्युटरवर नव्यानं केलेत. मला स्वतःला ते नवीन जहाज जरा गुळगुळीत वाटतं, नव्या नवरीच्या भांड्यांसारखं. पण दगड त्यातही हलतात, काळजी नको.

आमची आई, तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण मी सुट्टीवर आलो आणि कॅसेट लावली की पडवीच्या उंबऱ्यावर भाजी निवडत बसायची आणि पंधरा मिनिटं स्पॉक दिसला नाही की विचारायची, ‘आज तो कानवालो येवचो नाय काय रे?’ तिला दगडांचं काही नव्हतं.

प्रश्न : काका, मी बारावी सायन्स, नॉटिकलला जायचंय. तुम्ही जहाजावर होतात म्हणून विचारतो, स्टार ट्रेकमध्ये दाखवतात तसं खरंच असतं का? आणि तुम्ही ते बघायला लागलात कुठे?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : बोटीवरच. स्मोक रूममध्ये व्हीएचएस कॅसेटचा एक खोका असायचा, बंदरात शेजारी दुसरी आपल्या लोकांची बोट लागली की खोक्यांची अदलाबदल. त्यात कोणीतरी अमेरिकेत टीव्हीवरून जाहिरातींसकट टेप केलेली ‘नेक्स्ट जनरेशन’ होती. मी तो बोर्ग नावाच्या शत्रूवाला भाग बघितला, ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’, कॅप्टन पिकार्डला शत्रूनं पळवून आपल्यातलाच एक करून टाकलाय आणि त्याचाच चीफ ऑफिसर रायकर त्याच्यावर ‘फायर’ म्हणतो, आणि संपलं! पुढची कॅसेट नाही. अमेरिकेतल्या लोकांना जून १९९० ते सप्टेंबर एवढंच थांबावं लागलं आणि केवढी बोंबाबोंब केली त्यांनी. मी चार वर्षं थांबलो. मधे माझं लग्न झालं.

आता खरं काय. पोर्ट-स्टारबोर्ड, ब्रिज, लॉग लिहिणं, कॅप्टनपुढे बोलायची रीत, हे सगळं नेव्हीतून उचललेलं आहे आणि बरंच नीट उचललंय. चीफ इंजिनिअर तर शंभर टक्के खरा. १९८४ च्या सिनेमात कर्क स्कॉटीला विचारतो की तू दुरुस्तीचा वेळ नेहमी चौपट करून सांगतोस का, तर तो म्हणतो मग काय, नाहीतर चमत्कार करणारा म्हणून माझं नाव कसं राहील? मी ज्यांच्याबरोबर सेल केलं त्या सगळ्या चीफ इंजिनिअरांनी हे वाक्य पाठ केलेलं असणार, जन्मायच्या आधी.

खोटं काय, तर कॅप्टन, त्याच्या खालचा ऑफिसर आणि डॉक्टर तिघं एकदम अनोळखी किनाऱ्यावर उतरतात आणि ४३० माणसांचं जहाज मागे कोणाच्या तरी भरवशावर. आमच्याकडे असं केलं असतं तर कंपनीनं तिघांना पुढच्या बंदरातून घरी पाठवलं असतं. ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये त्यांनाही ते पटलं असावं, तिथं रायकर पिकार्डला अडवतो, तुम्ही थांबा मी जातो. आणि खुर्चीला पट्टे नाहीत! दर भागात धक्के बसतात, दर भागात माणसं उडून पडतात, पण पट्टा लावायचं कोणाला सुचत नाही.

पण माझा जीव अडकला तो उहुरात, मूळ मालिकेत कर्कच्या जहाजावर संदेश सांभाळते ती ऑफिसर. कारण ती आमच्या खात्याची. मी रेडिओ ऑफिसर, बोटीवर रेडिओवाल्याला ‘स्पार्क्स’ म्हणतात, सदराचं नाव त्यावरून. कानाला लावून बसायचं आणि ऐकायचं, हेच काम. आमच्या रेडिओ रूमच्या घड्याळावर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या जागी लाल पट्टे असायचे, ती तीन तीन मिनिटं ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या कुठल्याही बोटीनं नेहमीचे मेसेज टाकायचे नाहीत, फक्त ऐकायचं, कोणी बुडतंय का. अख्खा समुद्र गप्प. उहुरा कानातलं ते चांदीचं बोंडूक दाबून जेव्हा डोळे बारीक करते ना, तेव्हा ती तेच करते. १ फेब्रुवारी १९९९ पासून ती उपग्रहाची नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि आमचं खातंच संपलं. मी घरी. तेविसाव्या शतकात त्यांच्या जहाजावर रेडिओ ऑफिसर आहे आणि विसाव्या शतकातच आमच्या बोटीवरचा गेला, याचा मला जरा राग आहे, असो.

उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर सोडून चाललेल्या, त्या स्वतःच सांगायच्या, की एका कार्यक्रमात कोणीतरी म्हणालं तुमचा मोठा चाहता भेटायला आलाय, वळून बघतात तर मार्टिन ल्यूथर किंग. ते म्हणाले सोडू नका, आमच्या मुलांना रात्री जागून बघू देतो अशी ही एकच मालिका, त्यात आपली बाई मोलकरीण नाही, ऑफिसर आहे. राहिल्या मग त्या. त्यांना बघत मोठी झालेली मे जेमिसन १९९२ ला अंतराळात गेली, पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला, आणि तिथं आपली शिफ्ट सुरू करताना उहुराचंच वाक्य म्हणायची, ‘हेलिंग फ्रीक्वेन्सीज ओपन’. पुढे ती ‘नेक्स्ट जनरेशन’च्या एका भागात छोट्या कामात आली पण.

तू नॉटिकलला जा. पट्टा लाव.

प्रश्न : त्यात आपलं कोणी आहे का हो?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : आहे की. पर्सिस खंबाटा! मुंबईची, १९६५ ची मिस इंडिया, १९७९ च्या पहिल्या स्टार ट्रेक सिनेमात इलिया नावाची नॅव्हिगेटर, सगळे केस काढून डोकं तुळतुळीत केलेलं, त्या काळात हिंदी सिनेमावाल्यांच्या हे पचनी पडणं शक्यच नव्हतं. सिनेमा संथ आहे, आमच्या इथल्या भरतीच्या खाडीसारखा, पण तिच्यासाठी बघा.

दुसरे विजय अमृतराज. टेनिसवालेच! १९८६ च्या सिनेमात दुसऱ्या एका जहाजाचे कॅप्टन म्हणून पडद्यावर येतात, बघता बघता जातात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्मोक रूममध्ये उभा राहून ओरडलो होतो, अरे हा आपला माणूस, आणि रिवाइंड करायला गेलो तर कॅसेट अडकली, ती काढताना टेपच तुटली, त्यामुळे त्या सिनेमाचा शेवट मी फार उशिरा बघितला.

आणि खान. खान नूनियन सिंग, १९६७ च्या भागात पहिल्यांदा आला, १९८२ च्या सिनेमात परत. त्यात एक बाई त्याचं तोंड बघून अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुतेक शीख. काम करणारे रिकार्डो मोंतालबान मूळ मेक्सिकोचे. नाव बघून आपल्याकडचा कोणीही सांगेल की लिहिणाऱ्यानं जे आठवलं ते जोडलंय. पण माणसानं काम असं केलंय की बोलायची सोय नाही. त्या मालिकेच्या हिशोबानं हा खान १९९२ ते ९६ दक्षिण आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव जगावर राज्य करत होता. आपण तेव्हा केबलचं कनेक्शन घेत होतो, लक्षात आलं नसावं.

प्रश्न : मिस्टर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच बघतात आणि सकाळी बाजारात जायला उठत नाहीत. काहीतरी लिहा त्यांना.
— एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : लिहितो. भाऊ, एक भाग साधारण ४५ ते ५० मिनिटांचा आहे. एक बघा, झोपा. मासळी तुमच्यासाठी थांबत नाही, एंटरप्राइज थांबते.

प्रश्न : नवीन मोठा टीव्ही घेतला. गंमत म्हणजे १९६६ ची मालिका त्यावर लख्ख दिसते आणि त्यानंतर २७ वर्षांनी आलेली ‘डीप स्पेस नाइन’ धुकट. केबलवाल्याशी भांडलो, नेटवाल्याशी भांडलो. टीव्हीवाला म्हणतो टीव्ही बरोबर आहे.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : टीव्हीवाला खरं बोलतोय, दुर्मिळ गोष्ट, जपून ठेवा त्याला.

या दोन्ही मालिका फिल्मवर शूट केलेल्या आहेत, ३५ एमएम, त्यात भरपूर बारकावा असतो. फरक पुढे पडला. १९६६ ची मालिका शूटही फिल्मवर आणि कापून जोडलीही फिल्मवरच, त्यामुळे मूळ निगेटिव्ह काढून आजच्या मशीनवर स्कॅन केली की लख्ख. ‘नेक्स्ट जनरेशन’पासून पैसे आणि वेळ वाचवायला शूट फिल्मवर पण एडिटिंग आणि इफेक्ट व्हिडिओ टेपवर, म्हणजे तयार झालेला भाग हा टेपवरच, त्या काळच्या टीव्हीच्या रेषांइतकाच. आंबा उत्तम होता, बरणीत घालताना चूक झाली.

‘नेक्स्ट जनरेशन’च्या बाबतीत त्यांनी नंतर सगळे मूळ फिल्मचे तुकडे हुडकले, प्रत्येक भाग परत पहिल्यापासून जोडला, इफेक्ट परत बसवले, २०१२ पासून ते ब्ल्यू-रेवर काढलं. केवढं काम! खर्च झाला तेवढी विक्री झाली नाही, त्यामुळे ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ तशाच राहिल्या, आणि त्यांच्यात कॉम्प्युटरवरच्या लढाया जास्त म्हणजे ते परत करायचं तर आणखी खर्च. तोपर्यंत उपाय एकच, खुर्ची दोन हात मागे घ्या. मी आतल्या खोलीतल्या जुन्या डबा टीव्हीवर बघतो, त्यावर ती जशी असायला हवी तशी दिसते. आणि धुकट दिसते म्हणून सोडू नका, सगळ्यांत माणसांची मालिका तीच आहे. बाकीची जहाजं दर आठवड्याला पुढच्या ग्रहावर पळतात, केलेलं निस्तरायला मागे कोणी राहत नाही. हे अंतराळातलं एका जागचं स्टेशन आहे, आज भांडलेला शेजारी उद्या परत समोर. वाडीत राहणाऱ्याला लगेच कळेल.

प्रश्न : आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा मंडळी जमतो. एकदा काहीतरी वेगळं म्हणून स्टार ट्रेकचा एकच भाग दाखवायचा विचार आहे. निम्म्यांना मालिका माहिती नाही, चार-पाच जण तर मराठीचे निवृत्त शिक्षक. कुठला दाखवू?
— एक शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : मराठीचे शिक्षक आहेत म्हणता? मग डोळे झाकून ‘डार्मोक’. ‘नेक्स्ट जनरेशन’, १९९१.

गोष्ट अशी की एका जमातीशी बोलायचा प्रयत्न चाललाय, भाषांतर करणारं यंत्र शब्द सगळे बरोबर सांगतंय पण अर्थ लागत नाही. ते आपले म्हणतायत, ‘डार्मोक आणि जलाद, तनाग्राला.’ ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा.’ ‘टेंबा, हात पसरलेला.’ पिकार्डची मंडळी हैराण. शेवटी त्यांचा कॅप्टन पिकार्डला उचलून एका ग्रहावर नेतो, हातात सुरा देतो आणि दोघांसमोर एक श्वापद, आता बोल. हळूहळू कळतं की हे लोक नुसते गोष्टींच्या दाखल्यांतच बोलतात. भिंती कोसळल्या म्हणजे काम फसलं. हात पसरले म्हणजे घे, दिलं.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याबरोबर एक पंजाबी थर्ड इंजिनिअर होता, त्याला काही झेपेना, आणि मला पाचव्या मिनिटाला कळलं, कारण अहो हे आपणच की! ‘विश्वास पानिपतात मेला.’ आता हे कुठल्या यंत्रात घाला, शब्द बरोबर येतील, विश्वास नावाचा कोणीतरी पानिपत नावाच्या ठिकाणी मेला, बरं मग? त्यामागे १७६१ आहे, विश्वासराव आहे, आणि उधारी न फेडणारा तुमचा चुलतभाऊ आहे, ते यंत्राला कोण सांगणार. ‘ध चा मा.’ ‘सुदाम्याचे पोहे.’ ‘द्रौपदीची थाळी.’ मला येणाऱ्या निम्म्या पत्रांची सुरुवात ‘काका मला वाचवा’ अशी असते, ते काय मी कोणाच्या मागे तलवार घेऊन लागलोय?

भाग थांबवून थांबवून दाखवा, आणि मधे त्या शिक्षकांना विचारा की असं आपलं काय काय आहे. तास जाईल. शेवटाकडे तो परका कॅप्टन जखमी होऊन पडलेला असतो आणि पिकार्ड शेकोटीपाशी बसून त्याला आपल्याकडची एक जुनी गोष्ट सांगतो, गिल्गामेशची, तोडक्या मोडक्या दाखल्यांच्या भाषेत. तिथं कोणाला बोलू देऊ नका.

त्याच सीझनचा ‘द इनर लाइट’ पण आहे, पिकार्ड अर्ध्या तासाच्या आत बेशुद्धीत एक अख्खं आयुष्य जगून येतो, बायको, मुलं, नातू, गाव सुकत चाललेलं, आणि जागा होतो तर मागे उरते फक्त बासरी. त्याला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. चांगलाच आहे, पण तो मी चारचौघांत बघत नाही. नऊ नऊ महिने समुद्रावर राहून घरी आलो की मुलगी दारातून आत पळायची, हा कोण बाबा आला म्हणून. तरुणपणी मला तो भाग बासरीचा वाटायचा.

प्रश्न : काका, जुनं ते सोनं. हे २०१७ नंतरचं सगळं रद्दी. तुमचं मत?
— एक कट्टर चाहता, गुहागर

उत्तर : १९८७ ला ‘नेक्स्ट जनरेशन’ आली तेव्हा जुने चाहते हेच म्हणत होते, कर्क नाही स्पॉक नाही, हा टकल्या म्हातारा कोण? आणि पहिला सीझन खरंच वाईट होता. तिसऱ्यापासून गाडी लागली. नव्यातलं सगळं मला आवडतं असं नाही, ‘डिस्कव्हरी’त फार रडतात. पण ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ बघा, २०२२ ची, त्यात तोच नाकारलेल्या पायलटमधला कॅप्टन पाईक आहे, परत दर भागाला वेगळं आख्यान. पन्नासहून जास्त वर्षांनी बिचाऱ्याला जहाज मिळालं. आणि ‘लोअर डेक्स’ कार्टून आहे म्हणून नाक मुरडू नका, खालच्या डेकवर राबणाऱ्यांची गोष्ट आहे, खलाशांच्या गावात ती जास्त कळेल.

प्रश्न : स्पॉक बोटं फाकवून नमस्कार करतो ते कुठून आलं? माझी मैत्रीण म्हणते ते आमच्या प्रार्थनेतलं आहे, ती बेने इस्रायल आहे. थापा मारते ना?
— एक कॉलेजकन्या, अलिबाग

उत्तर : अजिबात नाही, माफी माग तिची. स्पॉकचं काम करणारे लिओनार्ड निमॉय ज्यू घरातले, बॉस्टनचे. लहानपणी सिनेगॉगमध्ये पुरोहित मंडळी आशीर्वाद देताना हात असे धरायचे, हिब्रूतल्या ‘शिन’ अक्षराच्या आकारात, आणि तेव्हा सगळ्यांनी बघायचं नसतं, डोळे झाकायचे. या पोरानं बघितलंच. पुढे १९६७ ला ‘अमोक टाइम’ भागात स्पॉकच्या जमातीचे व्हल्कन लोक एकमेकांना भेटतात तर नमस्कार काय करतील असा प्रश्न आला आणि यांना ते आठवलं. तुमच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगवरून तू रोज कॉलेजला जात असशील, आणि शोधत बसलीस अमेरिकेत.

जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नको. त्याच भागात व्हल्कन म्हातारीचं काम केलेल्या नटीलाही जमत नव्हतं म्हणतात, कॅमेऱ्याच्या खाली दुसऱ्या हातानं बोटं लावून मग हात वर करायच्या. माझा उजवा हात जमतो, वीस वर्षं मोर्स की दाबलीय त्यानं. डावा अजून नाही. नात पाच वर्षांची आहे, तिला दोन्ही जमतात, वर पायाची बोटं पण करून दाखवते.